गवताला झाड म्हणणारा कायदा

आमच्या विठ्ठलवाडीत एखाद्या इमारतीला रंग काढायचा म्हटलं की आधी बांबूची परांची उभी राहते. गणपतीच्या मांडवालाही बांबूच. पण हा बांबू येतो कुठून, आणि येताना त्याच्या वाटेत काय काय आडवं येतं, याचा विचार मी करायला लागलो तो माझ्या मामामुळे.

मामाचं गाव मुरबाड तालुक्यात. शेताच्या बांधावर त्याने स्वतः लावलेली बांबूची पाच-सहा बेटं होती. मी तिसरीत असताना कल्याणच्या एका मांडववाल्याने त्याच्याकडे बांबू मागितले. मामाने टेम्पो भरला आणि मलाही घरी सोडायचं म्हणून पुढे बसवलं. वाटेत टेम्पो अडवला गेला. "वाहतूक पास दाखवा." मामा म्हणाला, "साहेब, माझ्या बांधावरचे आहेत." "असतील हो, पण पास?" दुपारपर्यंत आम्ही तिथेच. शेवटी टेम्पो परत फिरवला, भाडं अंगावर पडलं ते वेगळंच. त्या उन्हाळ्यात मामाने सगळी बेटं खणून काढली. म्हणाला, "गवत लावायचं आणि चोर ठरायचं, नको रे बाबा!"

गंमत अशी, की मामा 'गवत' म्हणाला ते शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर! बांबू हा भात, ऊस, गहू यांच्याच कुळातला. झाडाचं खोड वर्षागणिक जाड होत जातं, बांबूचं तसं होत नाही. कोंब जमिनीतून येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, आणि एका हंगामात तो पूर्ण उंची गाठतो. पक्व झालेले बांबू काढले तरी बेट जिवंत राहतं आणि नवे कोंब येत राहतात. म्हणजे तोडणं इथे पिकाच्या कापणीसारखं आहे.

मग पास कशाला? आपल्या भाषेत सांगायचं तर 'डेटा टाइप' चुकला होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २(७) मध्ये 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातला होता. आता पुढची साखळी बघा. तोडलेलं झाड म्हणजे 'इमारती लाकूड'. इमारती लाकूड जंगलातून आलेलं असो वा नसो, ते 'वनोपज'. आणि वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार कलम ४१ ने राज्यांना दिलेला. झालं! मामाचा बांध थेट जंगलात जाऊन बसला. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे होते, पण मूळ हेच.

याच बांबूची चटई विणली तर? सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बांबू वनोपज असला तरी माणसाच्या श्रमातून तयार झालेली चटई ही वेगळीच वस्तू आहे, ती वनोपज नाही.

शेतकऱ्याची सुटका मात्र २०१७ साली झाली. त्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि व्याख्येतून 'बांबू' हा एकच शब्द काढून टाकला. एका शब्दाचा 'बग', सापडायला ९० वर्षं लागली!

पण मित्रांनो, सगळाच बांबू मोकळा झाला असं समजू नका. ही सूट वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूला आहे. जंगलातला बांबू अजूनही वन कायद्याखाली येतो. तिथला मार्ग वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, त्याच्या मालकीचा हक्क वनवासी समाजाला मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) च्या ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये वाहतूक पासाचं पुस्तकच मिळालं, म्हणजे पास मागणारं गाव पास देणारं झालं.

आणि एक अडचण उरतेच. टेम्पोतला बांबू बघून तो बांधावरचा की जंगलातला, हे कोण सांगणार? मला विचाराल तर सातबाऱ्याची प्रत गाडीत असलेली बरी.

गेल्या दिवाळीत मामाला हे सगळं सांगितलं. त्याला आधी खरंच वाटेना. मग म्हणाला, "कलम कागदावर लिहून दे." दिलं. तो कागद आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे, आणि बांधावर दोन नवी बेटं.