चेंजओव्हर स्विच: केवळ अँपिअर पाहून भागत नाही

नाशिक रोड, प्रतिनिधी

भारनियमनाच्या काळात नाशिक रोडसह शहरातील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांनी लिफ्ट व पाण्याच्या पंपासाठी जनरेटर बसविले. भारनियमन ओसरले, जनरेटर मात्र राहिले. महावितरणचा पुरवठा आणि जनरेटर यांच्यामध्ये असलेला चेंजओव्हर स्विच खरेदी करताना बहुधा किंमत आणि अँपिअर एवढेच पाहिले जाते. सुरक्षिततेसाठी तेवढे पुरेसे नाही.

या स्विचचे पहिले काम म्हणजे दोन्ही पुरवठे कधीही एकत्र न येऊ देणे. ते एकत्र आल्यास जनरेटरची वीज रोहित्रातून उलट दिशेने जाते आणि बंद समजल्या गेलेल्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीत उच्च दाब निर्माण होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवावर हे बेतू शकते. म्हणूनच एका वेळी एकच बाजू जोडली जाईल, असा यांत्रिक अटकाव स्विचमध्ये आवश्यक असतो.

दुसरी कसोटी शॉर्टसर्किटची. ६३० केव्हीएच्या रोहित्रातून पूर्ण भाराला सुमारे ८४० अँपिअर प्रवाह मिळतो. त्याचा इम्पीडन्स ५ टक्के धरल्यास रोहित्रालगत शॉर्टसर्किट होताच हाच प्रवाह २० पट, म्हणजे सुमारे १७ हजार अँपिअर होऊ शकतो. उष्णता व संपर्कबिंदूंना दूर ढकलणारे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४०० पट वाढते. संपर्कबिंदू वितळून चिकटले, तर गरजेच्या वेळी स्विच फिरतच नाही.

आयएस/आयईसी ६०९४७-६-१ या मानकात यासाठी चाचण्या आहेत. स्विच बंद अवस्थेत नव्हे, तर जोडलेल्या अवस्थेत असताना तो मोठा प्रवाह सोसतो का आणि आधीच शॉर्टसर्किट झालेल्या मंडलावर जोडला गेला तर टिकतो का, हे पाहिले जाते. ‘पीसी’ वर्गातील स्विच असा प्रवाह सोसतो, पण तोडत नाही. तोडण्याचे काम फ्यूज किंवा सर्किट ब्रेकरला करावे लागते. ‘सीबी’ वर्गात ही क्षमता स्विचमध्येच असते.

केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या शॉर्टसर्किट प्रयोगशाळा बंगळुरू व भोपाळ येथे आहेत. याच संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा नाशिकजवळ शिलापूर येथे आहे.

मात्र अशी चाचणी प्रत्येक नगावर नव्हे, तर नमुन्यावर होते. शिवाय ती अनेकदा विशिष्ट फ्यूजसह केलेली असते. पुढे वायरमनने मोठा फ्यूज बसविल्यास त्या प्रमाणपत्राचा आधारच उरत नाही. त्यामुळे सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्विचची किलोअँपिअरमधील शॉर्टसर्किट क्षमता, त्याचा वर्ग आणि चाचणीत वापरलेल्या फ्यूज अथवा ब्रेकरचा तपशील. आपल्या पॅनेलजवळ प्रत्यक्षात किती शॉर्टसर्किट प्रवाह येऊ शकतो, याचा हिशेब परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावा. स्विचची क्षमता त्याहून कमी असता कामा नये.