राखाडी राक्षसाबरोबर वॉल्ट्झ

लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत २०१५च्या उन्हाळ्यात डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चं शूटिंग चालू होतं. दृश्य नाचाचं. पिवळ्या गाऊनमधली एम्मा वॉटसन, आणि तिच्यासमोर राखाडी रंगाचा, जागोजागी फुगलेला एक इसम. ना शिंगं, ना आयाळ, ना सुळे. हा डॅन स्टीव्हन्स, म्हणजे चित्रपटातला बीस्ट. अंगात खोटे स्नायू भरलेला सुमारे १८ किलोंचा सूट, पायांना धातूचे उंच पाय बांधलेले, आणि त्यांवर तोल सांभाळत वॉल्ट्झ करायचा. पाऊल जरा इकडचं तिकडे पडलं तर नायिकेच्या बोटांचा चेंदामेंदा. बीस्टचं कातडं नंतर संगणकावर चढणारच होतं. पण नायिकेच्या हाताला नाचताना कुणीतरी लागलं पाहिजे ना! म्हणून हा सगळा खटाटोप.

हे झालं अंगाचं. चेहऱ्याचा कारभार वेगळाच. दर दहा-पंधरा दिवसांनी स्टीव्हन्सला खुर्चीत बसवायचे, तोंडावर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग फवारायचे आणि भोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं करायचे. मधल्या दिवसांत जे काही शूट झालं असेल ते सगळं त्यानं पुन्हा करून दाखवायचं, फक्त चेहऱ्यानं. जेवायचं चेहऱ्यानं, डरकाळी फोडायची चेहऱ्यानं, नाचायचंही चेहऱ्यानंच. नजर द्यायला समोर एम्मा बसायची. एकच भूमिका दोनदा: एकदा मानेखाली, एकदा मानेवर. आमच्याकडच्या एखाद्या नटाला हे सांगितलं असतं तर त्यानं दोन नाइटांचे पैसे आधी मागितले असते.

आता गंमत पाहा. ज्या १९९१च्या अ‍ॅनिमेशनपटाची ही नक्कल, त्यातला नाच तरी कुठून आला होता? राजवाड्यातला तो मधला, झुंबराखालचा वॉल्ट्झ त्या चमूचा स्वतःचा. दालन तेव्हाच्या नव्या संगणकी तंत्रानं उभं केलेलं. पण शेवटी शाप उतरल्यावर राजपुत्र आणि बेल नाचतात ना, तिथे वेळ संपत आला होता. मग अ‍ॅनिमेटरांनी सरळ कपाटातून १९५९चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ काढला, त्यातल्या शेवटच्या नाचाच्या हालचाली घेतल्या आणि त्यांवर नवी माणसं चितारली. आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’तली राजकन्या? तिच्यासाठी हेलेन स्टॅन्ली नावाच्या अभिनेत्रीला स्टुडिओत प्रत्यक्ष नाचायला लावून आधी तिचं चित्रीकरण केलं होतं आणि ते समोर ठेवून चित्रकारांनी पेन्सिल चालवली होती. १९९१च्या बेलसाठीही शेरी स्टोनर या अभिनेत्रीनं अशीच कॅमेऱ्यासमोर चालून-बोलून दाखवण्याची कामगिरी केली. त्याआधी ‘लिटल मर्मेड’च्या एरियलसाठीही तीच. थोडक्यात, आधी हाडामांसाच्या बाईची चित्रं झाली, मग त्या चित्रांबरहुकूम दुसऱ्या हाडामांसाच्या बाईला उभं केलं. ‘खऱ्या माणसांचा रिमेक’ अशी जाहिरात वाचली की मला शेरी स्टोनर आठवते. खरं माणूस पहिल्यांदाही होतंच की. फक्त पोस्टरवर नव्हतं.

उलट रिमेकच्या सेटवर खरं काय असतं ते शोधावं लागतं. २०१५च्या ‘सिंड्रेला’तला तो प्रसिद्ध बूट खरोखर स्फटिकाचा होता, स्वारोव्स्कीनं घडवलेला. पण तो वाकेना, पायात जाईना. लिली जेम्स चामड्याच्या बुटात धावली आणि पडद्यावर तिच्या पायांत संगणकानं काच घातली. २०१९च्या ‘लायन किंग’मध्ये तर कहर. दिग्दर्शक जॉन फाव्हरो आणि छायालेखक कॅलेब डेशनेल व्हर्च्युअल रिॲलिटीचे चष्मे लावून लॉस एंजेलिसमधल्या एका इमारतीत नसलेल्या आफ्रिकेत हिंडले, ट्रॉली ढकलल्या, क्रेन फिरवल्या. अख्ख्या चित्रपटात कॅमेऱ्यानं टिपलेला शॉट फक्त एक: सुरुवातीचा सूर्योदय. कुणाच्या लक्षात येतंय का पाहायला तो घुसवला, असं फाव्हरोनं प्रदर्शनानंतर स्वतःच जाहीर केलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या चित्रपटाचं दुखणंही तिथेच होतं. सिंहाचा चेहरा इतका अस्सल केला की भुवया उडवायची सोय राहिली नाही, आणि मग तो गायला लागला की आवाज एका खोलीत नि सिंह दुसऱ्या. संगीत नाटकात राजा ऐन संकटात पद आळवतो तेव्हा प्रेक्षक हरकत घेत नाही, कारण मागचा राजवाडाही रंगवलेल्या पडद्याचाच असतो. रंगवलेला सिंह गाऊ शकतो. माहितीपटातला गाऊ लागला की अवघडायला होतं. एक मात्र कबूल: हिंदी आवृत्तीत टिमॉन झालेल्या आपल्या श्रेयस तळपदेनं धमाल उडवली होती. त्याला सिंहासारखं दिसायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर ‘जंगल बुक’. २०१६चा हा चित्रपट पाहून पेंचची आठवण होणं साहजिक. किपलिंगच्या कथांतलं जंगल सिवनीचं, आणि पेंचचा एक तुकडा आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. पण श्रेयनामावलीच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय: चित्रीकरण डाउनटाउन लॉस एंजेलिस. मोगली झालेला छोटा नील सेठी निळ्या पडद्यांमध्ये बागडत होता, समोर जिम हेन्सनच्या कार्यशाळेतले बाहुलीकार प्राण्यांच्या जागी उभे राहून त्याला दाद देत होते. जंगल नंतर संगणकावर उगवलं. त्या कामात एमपीसी कंपनीच्या बेंगळुरूच्या स्टुडिओचाही मोठा हात होता, म्हणजे थोडंफार भारतातच उगवलं म्हणा.

भारतात हा चित्रपट अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिलला लागला. हिंदी डबिंगसाठी शेरखान म्हणून नाना पाटेकरांना बोलावलं. यातली मेख अशी, की नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर जी मालिका लागायची तिच्या हिंदी शेरखानचा आवाजही नानांचाच होता. आणि ती मालिका डिस्नेची नव्हतीच, जपानी होती. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांच्याकडून त्या मालिकेचं शीर्षकगीतही प्रसिद्धीसाठी नव्यानं करून घेतलं गेलं. म्हणजे रिमेक १९६७च्या अमेरिकी चित्रपटाचा, आणि आठवण विकली रविवार सकाळच्या दूरदर्शनची. हा डोकेबाजपणा ज्या कुणाचा असेल त्याला मी मानतो.

या रिमेकांत पेन्सिलीची रेघ गेली, प्राण्यांचे मिश्कील चेहरे गेले. टिकली ती गाणी. आणि त्यातल्या काही गाण्यांमागे एक माणूस होता, त्याचे किस्से डिस्नेच्या कंपूत आजही चवीनं आणि हळहळत सांगितले जातात. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन. ‘लिटल मर्मेड’च्या चाचणी खेळात एरियलचं मुख्य गाणं चालू असताना एका पोराच्या हातून पॉपकॉर्न सांडलं. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅटझेनबर्ग यांनी निष्कर्ष काढला, मुलं कंटाळतात, गाणं कापा. अ‍ॅशमननं सांगितलं, आधी मला मारा. गाणं राहिलं. ते रेकॉर्ड करताना पाण्याखाली असल्यासारखं वाटावं म्हणून एरियलचा आवाज असलेल्या जोडी बेन्सननं स्टुडिओतले दिवे मंद करायला लावले होते. २०२३च्या रिमेकमध्ये हॅली बेलीला मात्र तारांवर लटकून, यंत्रांवर झुलून, कोरड्या जागेत पोहण्याचा अभिनय करत तेच गाणं निभवावं लागलं.

‘मर्मेड’ला ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर लगेच अ‍ॅशमननं संगीतकार अ‍ॅलन मेंकनला सांगितलं: मला एड्स आहे. तेव्हा हा शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. ‘ब्यूटी’ची मंडळी कॅलिफोर्नियातून उठून न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिल गावी, त्याच्या घराजवळच्या हॉटेलात बैठकी करू लागली, का, ते बहुतेकांना माहीत नव्हतं. मेणबत्ती, घड्याळ, किटली यांना स्वभाव देऊन गायला लावायची कल्पना त्याचीच. शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगला येताना किटलीचा आवाज झालेल्या अँजेला लॅन्सबरीचं विमान बॉम्बच्या धमकीमुळे वाटेतच उतरवावं लागलं. जागरण झालेल्या त्या बाई थेट स्टुडिओत आल्या, ऑर्केस्ट्रासमोर उभ्या राहिल्या आणि एका टेकमध्ये गाऊन मोकळ्या झाल्या. चित्रपटात आहे तो तोच टेक. १४ मार्च १९९१ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी अ‍ॅशमन गेला. चित्रपट लागला नोव्हेंबरात.

आणि त्याच चित्रपटाच्या २०१७मध्ये आलेल्या रिमेकसाठी दिग्दर्शक बिल काँडन आणि मेंकन यांनी जुने कागद उपसले. खलनायक गॅस्टनच्या गाण्यासाठी अ‍ॅशमननं लिहिलेल्या, पण मुलांच्या चित्रपटात जरा चावट म्हणून तेव्हा गाळलेल्या ओळी सापडल्या. त्या ल्यूक एव्हान्स आणि जॉश गॅडच्या तोंडी घातल्या. गेल्यावर सव्वीस वर्षांनी कवीच्या नव्या ओळी पडद्यावर! तांत्रिक करामतींपेक्षा मला हीच करामत मोठी वाटते.

रिमेकांतल्या नव्या गाण्यांसाठी मेंकनच्या पियानोशेजारची ती जागा मात्र भरायलाच हवी होती. ‘ब्यूटी’ला टिम राइस आला, ‘अलादीन’ला पासेक आणि पॉल ही जोडी, ‘मर्मेड’ला लिन-मॅन्युएल मिरांडा. मूळची एरियल जोडी बेन्सनही त्या चित्रपटात बाजारातली विक्रेती होऊन एरियलच्या हातात काटा देऊन जाते. मिरांडाच्या भक्तीबद्दल शंका घ्यायला तर जागाच नाही. त्यानं थोरल्या मुलाचं नाव सेबॅस्टियन ठेवलंय, आणि ते ‘मर्मेड’मधल्या कुठल्या खेकड्यावरून ठेवलं हेही तो लपवत नाही.