जाब प्लायवूडलाही विचारा

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे मेली. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. स्वच्छतागृहात आसरा शोधणारे तेथेच गुदमरले. पुढे परवान्यांवर चर्चा झाली, गच्चीवरच्या बांबू-ताडपत्रीवरही झाली. आम्हाला बोलायचे आहे ते परळच्या ऑफिसांत भिंतीला, दाराला आणि छताला लागणाऱ्या लाकडाबद्दल.

गिरण्या गेल्या, साचे भंगारात गेले. त्या जागी प्लायवूडची पार्टिशने आणि एमडीएफची कपाटे आली. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून कापडखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, हे बाबासाहेबांनी जगापुढे मांडले. आज आमच्या माणसांना मज्जाव नाही. पहारा, सफाई, भटारखाना, रात्रपाळी, सगळे खुले आहे! ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कला आग लागली. इमारत राहण्याची होती, पण १९ व्या मजल्यावरून पडून मेला तो सुरक्षारक्षकच.

आता बाजारातला घोळ पाहा. ‘वॉटरप्रूफ आहे, आगीलाही चालेल,’ असे दुकानदार सांगतो. साफ खोटे. एमआर आणि बीडब्ल्यूआर या प्रती ओल आणि पाणी सोसण्याच्या आहेत. आगीशी त्यांचा संबंध नाही. आग रोखणाऱ्या रसायनाची प्रक्रिया केलेल्या प्लायवूडचे भारतीय मानक वेगळे, आयएस ५५०९. त्याच्या चाचणीत दर ६ मिलिमीटर जाडीमागे ज्योत आरपार जायला किमान १५ मिनिटे लागावी लागतात. म्हणजे ते जळत नाही असे नव्हे. ते पळायला वेळ देते. त्यावर फोम आणि स्वस्त सनमायका चिकटवला, तर धूर त्यातूनच निघणार.

आणि असे प्लायवूड वापरले म्हणून दार ‘फायर डोअर’ होत नाही. त्याचे मानक आयएस ३६१४. तेथे चाचणी होते ती चौकट, बिजागरी, फटीतली पट्टी यांसकट संपूर्ण दाराची. सुतार जागेवर दार तासतो, साहेबांच्या हौसेखातर काचेसाठी भोक पाडतो, आणि चाचणीचा अहवाल त्याच क्षणी रद्दी होतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पण पंप आणि फवारे चालू असल्याच्या कागदावरून मागच्या महिन्यात भाडेकरूने ठोकलेले पार्टिशन कशाचे आहे, हे कसे कळणार?

एका वादात आमच्या हाती अंतर्गत सजावटीचे कंत्राट आले होते. त्यात लिहिले होते, ‘चांगल्या प्रतीचे फायर प्लायवूड.’ बस्स! या शब्दांवर कंत्राटदाराला कोण पकडणार? मानकाचा क्रमांक लिहा, जाडी लिहा, बिलावर तोच क्रमांक मागा. आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक बीआयएसच्या मोबाइल ॲपवर तपासता येतो. आणि हे सगळे सनमायका चिकटवण्याआधी करा, शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. नंतर शिक्का झाकला जातो, पुरावाही. कामगार संघटनांनी ही कागदपत्रे व्यवस्थापनाकडे लेखी मागावीत. तोंडी मागणीची पोच नसते.

परळच्याच एका इमारतीत आम्ही जिन्याचे १२० मिनिटांचे दार पाहिले. कागद चोख, शिक्का चोख. दार मात्र पाण्याच्या बाटल्यांचे खोके लावून सताड उघडे. सारखे उघडझाप नको म्हणून वरून तसा हुकूम होता. खोके ठेवले होते सफाई कामगाराने. उद्या काही झाले तर चौकशीत पहिले नाव त्याचेच लिहिले जाईल.