क्लच उतरलाच आहे, तर फ्लायव्हीलही बदलायचं का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून. श्रोते मोहन्याचे आहेत, एनआरसी कॉलनीच्या बाजूला राहतात. रोज आंबिवलीहून लोकल पकडतात आणि रविवारी गाडी बाहेर काढून माळशेजला जातात. गाडी 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड घेतलेली.

क्लच स्लिप व्हायला लागला म्हणून गाडी गॅरेजला दिली. गिअरबॉक्स खाली उतरला आणि दुपारी मिस्त्रींचा फोन आला, "साहेब, फ्लायव्हीलपण गेलंय. हाताने हलतंय. ते टाकल्याशिवाय क्लच बसवण्यात अर्थ नाही." आधी हिशोब होता क्लच सेटचे 19 हजार आणि मजुरी 9 हजार. आता फ्लायव्हीलचे 52 वेगळे. म्हणजे 28 हजारांचं काम 80 वर गेलं. मेसेजच्या शेवटी ते म्हणाले, "मुलीची फी जूनमध्ये भरायचीय. दोन्ही एकदम होणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय."

त्यांना उत्तर त्याच रात्री दिलं. पण हा प्रश्न क्लच बदलणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच, म्हणून जरा सविस्तर बोलू.

आधी गाडीबद्दल. ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे 2004 साली आली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस, पाच गिअर, आणि गिअर हातानेच टाकायचे. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ शेंद्र्याला, आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथे ऑक्टाव्हिया जोडली जायची. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. गणपतीचं सगळं सामान मावेल एवढी डिकी आहे हिला. पण त्या काळी टर्बो पेट्रोल म्हणजे काय चीज असते, हे आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा या गाडीने दाखवलं.

आता फ्लायव्हील. कुंभाराचं चाक आठवा. कुंभार काठीने चाकाला एक जोराचा फेरा देतो आणि मग चाक स्वतःच्या वजनावर फिरत राहतं. इंजिनातही तसंच. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, म्हणजे दोन धक्के. 800 आरपीएमच्या आयडलला सेकंदाला साधारण 27 धक्के झाले. दोन धक्क्यांच्या मधे इंजिनला ढकलणारं काहीच नसतं. ती पोकळी फ्लायव्हीलचं वजन भरून काढतं. शिवाय त्याच्या काठावर दात्यांची रिंग असते, स्टार्टर तिलाच फिरवतो. आणि क्लच प्लेट जिला चिकटते ती एक बाजू म्हणजे फ्लायव्हीलचाच गुळगुळीत चेहरा.

जुन्या साध्या गाड्यांत हे एकसंध लोखंडी चाक असतं. आपल्या कल्याण-डोंबिवलीत प्रीमियरच्या कारखान्यात पूजो 309 जोडली जायची, किंवा गोव्यात बनलेली ती चिमुकली दोन सीटची सॅन स्टॉर्म, या पिढीचा मामला साधा होता. चेहऱ्यावर चरे पडले की लेथवर फेस मारून घ्यायचा आणि परत बसवायचं. इंजिनाचे धक्के शोषायच्या स्प्रिंगा क्लच प्लेटच्या मधोमध असायच्या.

आरएसमध्ये कंपनीने दिलं ते ड्युअल मास. नावाप्रमाणे दोन चाकं. एक इंजिनाच्या क्रँकला घट्ट, दुसरं क्लचच्या बाजूला. दोघांच्या मधे कमानीसारख्या वाकलेल्या लांब स्प्रिंगा, आणि त्या ग्रीसमध्ये बसलेल्या. पहिलं चाक धक्के खातं, स्प्रिंगा ते गिळतात, दुसऱ्या चाकापर्यंत बरंचसं शांत फिरणं पोचतं. म्हणून अशा गाडीत गिअर मऊ पडतात, आयडलला गिअरबॉक्स खडखडत नाही.

आणि इथेच गोम आहे. या दोन चाकांमध्ये हालचाल असणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. धडधाकट ड्युअल मासचं बाहेरचं चाकसुद्धा हाताने थोडं फिरतं, मग स्प्रिंग लागते आणि ते अडतं. त्यामुळे "हाताने हलतंय" एवढ्यावर फ्लायव्हील गेलं असं ठरत नाही. मिस्त्री खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. साध्या फ्लायव्हीलवर हात बसलेल्या माणसाला हे हलणं खराबच वाटणार.

मग तपासायचं कसं? गिअरबॉक्स उतरलेलाच आहे, म्हणजे खर्चाचा मोठा भाग होऊनच गेलाय, तर अर्धा तास जास्त द्यायला काय हरकत आहे. पहिलं चाक लॉक करायचं, म्हणजे क्रँक फिरता कामा नये. दुसरं चाक एका बाजूला हाताने फिरवायचं, स्प्रिंगचा जोर जाणवला की थांबायचं, खूण करायची. मग उलट बाजूला तसंच. दोन खुणांमधलं अंतर रिंगच्या दात्यांत मोजायचं. हा मोकळा फेर किती चालतो, हे लूक किंवा सॅक्ससारखे बनवणारे फ्लायव्हीलच्या नंबरप्रमाणे छापतात. एका नंबरला जे चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून नंबर वाचल्याशिवाय मापाला अर्थ नाही. दुसरी तपासणी डुलण्याची: चाकाच्या काठाला आत-बाहेर दाबायचं आणि डायल गेजने मोजायचं. फेर एक गोष्ट आहे, डुलणं वेगळी. डुलणं मर्यादेबाहेर असेल तर आतलं बेअरिंग संपलं, तिथे चर्चा थांबते.

मग डोळ्यांनी बघायचं. चेहऱ्यावर निळे-जांभळे डाग म्हणजे उष्णता. थोडे असले तर क्लच स्लिप झाल्याची खूण. पण भेगा दिसल्या, किंवा सगळा चेहरा निळा पडून आतलं ग्रीस उकळून बाहेर आलं असेल, तर बदलायचं. शहाडच्या पुलावर चढाला हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणारे आपण लोक, ती सगळी उष्णता याच चेहऱ्यावर जाते.

ग्रीसची गोष्ट जरा नीट ऐका, कारण आपल्या श्रोत्यांचं सगळं प्रकरण तिथेच वळलं. मी त्यांना दोन फोटो आणि एक व्हिडिओ मागवायला सांगितलं. फोटोत फ्लायव्हीलभोवती काळं, ओलं दिसत होतं. मिस्त्री म्हणाले, बघा, ग्रीस फेकलंय. पण ड्युअल मासमधून येणारं ग्रीस जाडसर, काळं, दोन चाकांच्या फटीतून काठाकडे फेकल्यासारखं दिसतं. इथे पातळ तेल होतं आणि ते इंजिनाच्या बाजूने, मधून खाली ओघळलेलं. म्हणजे क्रँकचा मागचा ऑइल सील गळत होता. ते तेल क्लच प्लेटवर गेलं आणि क्लच स्लिप व्हायला लागला. विचार करा, 80 हजार घालून नवीन फ्लायव्हील, नवीन क्लच, आणि सील तोच जुना ठेवला असता तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. सीलची किंमत या सगळ्या यादीत सगळ्यात कमी.

दात्यांचं माप त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी समोर उभं राहून घेतलं. फेर मर्यादेत, डुलणं मर्यादेत, चेहऱ्यावर थोडे निळे डाग, भेग नाही. मी सांगितलं, फ्लायव्हील ठेवा.

आता काही जण म्हणतील, 20 वर्षांची गाडी, उतरलंच आहे तर टाकून मोकळं व्हायचं ना. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि काही गाड्यांना तो बरोबरही आहे. ज्या गाडीत गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच प्रचंड, तिथे दुसऱ्यांदा उतरवणं परवडत नाही. इथे उलटं आहे. फ्लायव्हील दोन वर्षांनी गेलं तर नुकसान किती? पुन्हा 9 हजार मजुरी आणि वर थोडे बोल्ट-बेअरिंग. त्या भीतीपोटी आज 52 हजार घालायचे का? वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणारी गाडी. शिवाय 15 वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचं होतं, म्हणजे पुढे किती वर्षं गाडी ठेवायची हा प्रश्न तसाही टांगलेलाच. मात्र हा जुगार फक्त तपासणीत पास झालेल्या फ्लायव्हीलवर खेळायचा. नापास झालेलं ड्युअल मास आतून तुटलं तर गिअरबॉक्सचं कवच फोडू शकतं. तिथे फी पुढे ढकला किंवा गाडी उभी ठेवा, पण ते परत बसवू नका.

गाडी अजून उतरवलेली नसेल तर आवाजावरून अंदाज येतो. इंजिन बंद करताना धाडकन दणका, सुरू करताना खडखडाट, आयडलला थरथर, अशी सगळी लक्षणं एकत्र असतील तर फ्लायव्हीलवर संशय घ्या. फक्त क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा. आपल्या श्रोत्यांना बंद करताना दणका कधीच जाणवला नव्हता, हीसुद्धा फ्लायव्हीलच्या बाजूने साक्ष होती.

त्यांना गॅरेजमधून आणखी एक पर्याय सुचवला गेला होता, "सिंगल मास टाकू, स्वस्तात होईल." म्हणजे ड्युअल मास काढून साधं एकसंध चाक आणि त्याला जुळणारी स्प्रिंगवाली क्लच प्लेट. या इंजिनावर हे बरेच जण करतात आणि गाडी चालते. पण आयडलला गिअरबॉक्सची खडखड ऐकत बसायची तयारी हवी, आणि धक्के आता थेट गिअरबॉक्स खाणार. डिझेलमध्ये धक्के मोठे असतात, तिथे मी हे करणार नाही. आणि प्लेट चुकीची पडली, म्हणजे सिंगल मासला बिनस्प्रिंगची, तर दोन्हीकडून तोटा. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने हा बदल करून ठेवलेलाही असू शकतो. म्हणून जे निघालंय ते आधी बघा, मग ऑर्डर द्या. निघालेल्या प्लेटच्या मधे जाड स्प्रिंगा दिसल्या तर तिथेच चौकशी करा.

हलक्या फ्लायव्हीलबद्दल विचारणारे मेसेज दर महिन्याला येतात. वजन काठावरून कमी केलं की इंजिन चटकन चढतं हे खरं, कारण काठावरच्या वजनाचा परिणाम मधल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. पण पत्रीपूल ते शिळफाटा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जायचंय तुम्हाला, तिथे हलकं फ्लायव्हील म्हणजे दर दहा फुटांवर गाडी बंद पडणार. आणि कास्ट आयर्नचं फ्लायव्हील लेथवर खरवडून हलकं करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पाव मीटर व्यासाच्या चाकाचा काठ 6000 आरपीएमला ताशी 280 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतो. ते फुटलं तर तुकडे तुमच्या पायांच्या अगदी जवळून जातात. हलकं हवंच असेल तर त्यासाठीच बनवलेलं स्टीलचं घ्या.

ड्युअल मासचा फेस मारून घेऊ का, असंही विचारतात. बनवणारे सहसा मनाईच करतात. आणि ते डिझेलच्या डब्यात बुडवून धुवू देऊ नका! आपल्याकडे निघालेला प्रत्येक पार्ट डिझेलमध्ये धुवायची सवय आहे. आतलं ग्रीस धुऊन गेलं की चांगलं फ्लायव्हील तुम्हीच मारलं. चेहरा फक्त ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसायचा.

तर मोहन्याच्या गाडीला शेवटी पडलं काय? क्लच सेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचा मागचा सील, आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, एकदाच वापरायचे असतात, आधी ठरलेला टॉर्क आणि मग ठरलेला कोन. मिस्त्रींनी जुनेच लावायला काढले होते, त्यांना मॅन्युअलचं पान दाखवल्यावर त्यांनी कुरकुर न करता नवीन मागवले. एकूण बिल 31 हजारांच्या आत बसलं.

तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली असेल तर मला मेसेज करण्याआधी फ्लायव्हीलवरचा नंबर, दात्यांचं माप आणि इंजिनाच्या बाजूचा एक स्वच्छ फोटो पाठवा. फडक्याने पुसण्याआधीचा.