रुपयास रुपया

गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत, मेंढा (लेखा) नांवाचें लहानसें गोंड गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें निर्णय घेते, हें पुष्कळांच्या कानीं आलें असेल. त्या गांवाची दुसरी एक रीत मात्र फारशी बोलली जात नाहीं. गांवच्या कामांत मिळालेल्या मजुरीचा दहावा हिस्सा मजूर ग्रामकोषांत घालतो. ज्याचें पोट हातावर आहे, त्यानें शंभरांतले दहा रुपये बाजूला काढावे, आणि तेंही नित्यनेमानें!

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचें दातृत्व बहुधा प्रसंगाचें असतें. पूर आला, वर्षश्राद्ध आलें, कीं हात खिशाकडे जातो. एरवीं सदिच्छा घरांतच राहते. हें देणें रोजच्या वळणाचें व्हावें म्हणून योजलेली एक युक्ति म्हणजे जोडदान. एखादा सधन दाता आधींच जाहीर करतो कीं, अमुक रकमेपर्यंत लोक जितकें देतील तितकेंच आपण त्यांत घालूं. मग दहा रुपये देणाऱ्याचे वीस होतात.

या युक्तीचा उपयोग किती? कार्लन आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील एका संस्थेच्या जुन्या देणगीदारांना 50,000 हून अधिक पत्रें पाठवून ती पारखली व 2007 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडदानाचें वचन असलेल्या पत्रांना देणाऱ्यांचें प्रमाण 22 टक्क्यांनीं अधिक आढळलें, आणि दर पत्रामागें आलेली रक्कम 19 टक्क्यांनीं. गंमत अशी कीं, रुपयास दोन किंवा तीन रुपये देऊं केल्यानें आणखी कांहीं वाढलें नाहीं. माणसाला आकड्यापेक्षां सोबतीचें आकर्षण अधिक असावें, असा तर्क यावरून करतां येईल.

मात्र वचन खरें हवें. लोकांनीं दिलें नाहीं तरी मोठा दाता सारी रक्कम देणारच असेल, तर तें जोडदान नव्हे, बतावणी होय. उलट बाजूनेंही असाच पोकळपणा शिरतो. 2002 सालीं सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेंत खर्चाचा दहावा वाटा गांवानें उचलावा, अशी अट होती. अट उत्तम, पण तो वाटा ठेकेदारानेंच भरला, तर कागद पुरा होतो आणि गांव कोरडें राहतें, मग नळाला पाणी कां येईना!

चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं 1951 सालीं आनंदवन उभें केलें, तें सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर. दानानें माणूस दुबळा होतो, कामानें उभा राहतो, हें त्यांचें मत प्रसिद्ध आहे. जोडदानाला या मताची कसोटी लावून पाहावी. मेंढ्याच्या मजुरानें ग्रामकोषांत दहा रुपये घातले आणि शहरांतील दात्यानें तितकेच द्यावयाचें ठरविलें, तर शहरी देणगीचा आकडा मजूर ठरवितो. आणि दोन्ही रकमा कोठें खर्चावयाच्या, हें ग्रामसभा ठरविते. दाता येथें पाठीमागून चालतो. पुष्कळ दात्यांना तें रुचत नाहीं, आणि खरी अडचण तीच आहे.

घरांत याचा प्रारंभ स्वस्त आहे. मुलें खाऊच्या पैशांतून डब्यांत टाकतील तितकेच वडिलांनीं टाकावे. महिनाअखेर डबा उघडावा. पैसे कोणास पाठवावे, तें मुलांनीं सांगावें.