बर्चच्या अंगावरचा रंग

बर्च प्लायवूडला स्टेन चोळून महोगनीचं किंवा अक्रोडाचं रूप आणायचा खटाटोप शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तो पुन्हा पुन्हा फसतो आहे. मागे वळून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांनी या लाकडाचं सोनं केलं, त्यांनी एक तर रंग लाकडात मुरू न देता वरच्या वर ठेवला, नाहीतर लावलाच नाही.

बर्च हा आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचा उत्तरेकडचा भाऊबंद. एस्टोनियातल्या ताल्लिन शहरात लुथर घराण्याच्या कारखान्यात १८८० च्या दशकात प्लायवूडच्या खुर्च्यांच्या बैठका बनू लागल्या. पुढे लंडनच्या व्हेनेस्टा कंपनीमार्फत हे प्लायवूड चहाच्या पेट्यांसाठी दूरदूर गेलं. भारत आणि सिलोनचा चहा अशाच पेट्यांतून निघत असे. अर्नेस्ट शॅकल्टनच्या १९०७ च्या अंटार्क्टिक मोहिमेचं सामानही व्हेनेस्टाच्या पेट्यांत होतं. त्या मोहिमेतल्या माणसांनी बर्फातल्या झोपडीत ‘ऑरोरा ऑस्ट्रेलिस’ हे पुस्तक छापलं आणि रिकाम्या पेट्यांच्या फळ्या घासूनपुसून, पॉलिश करून त्याची कव्हरं केली. काही प्रतींच्या आतल्या बाजूला पेटीवरची मूळ अक्षरं अजून वाचता येतात. रंग न चढवता केलेल्या बर्चच्या कामाचा याहून देखणा जुना नमुना मला माहीत नाही.

घरगुती फर्निचरची चाल मात्र उलटी होती. बर्च स्वस्त, घट्ट आणि गुळगुळीत. त्याला लालसर स्टेन दिला की महोगनी म्हणून खपवता येई. घन लाकडात हे एक वेळ निभावून जायचं, प्लायवर नाही. त्याचं कारण प्लाय बनवण्याच्या पद्धतीतच आहे. बर्चची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असतात. प्लायसाठी ओंडका फिरवत ठेवून पात्याने कागदाच्या गुंडाळीसारखा उलगडतात. तंतू जिथे वेडेवाकडे असतात तिथे ते तिरके छाटले जातात, आणि त्यांची उघडी तोंडं स्टेन घटाघटा पितात. शेजारची जागा जेमतेम ओली होते. फडकं फिरवून जरा थांबून पाहावं, तर हातभर जागेत काळपट डाग, मध्येच फिका पट्टा, आणि सरसाचा ओघळ पुसायचा राहिला असेल तिथे पांढरा ठिपका. दुसरा हात दिला की डाग आणखी गडद होतात. घासून काढायलाही फारसा वाव नसतो, कारण फिनलंडच्या चांगल्या प्लायमध्येसुद्धा एकेक थर सुमारे १.४ मिलिमीटरचाच असतो. १८ मिलिमीटरच्या शीटमध्ये असे १३ थर.

१९३० च्या दशकात दोन वेगळ्या वाटा निघाल्या. फिनलंडमध्ये वास्तुविशारद आल्वार आल्तोने पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी वाकवलेल्या बर्च प्लायची खुर्ची घडवली. १९३३ मध्ये त्याचं तीन पायांचं स्टूल आलं आणि १९३५ मध्ये हे सामान विकणारी आर्टेक कंपनी निघाली. बर्चला पारदर्शक लॅकर द्यायचं, नाहीतर सरळ काळा-पांढरा रंग. दुसऱ्या लाकडाचं सोंग नाही. अमेरिकेत हेवुड-वेकफिल्ड कंपनीने घन बर्चचं फर्निचर ‘व्हीट’ आणि ‘शॅम्पेन’ या छटांत विकलं. तिथे रंग लॅकरमध्ये मिसळून फवारलेला असे, त्यामुळे लाकूड कुठे किती पितं याला महत्त्वच उरलं नाही. माझ्या मते बर्चला रंग देण्याची ही सगळ्यात शहाणी रीत होती. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या बर्च प्लायवर तर कापड ताणून त्यावर डोप नावाचा लेप आणि रंग चढवला जाई.

महायुद्धानंतर पॉलियुरेथेन आलं. टणक, पाण्याला दाद न देणारं. पण तेलाचं पॉलियुरेथेन बर्चला पिवळं करतं, आणि काळ जातो तसं अधिकच. पाण्यात मिसळणारी फिनिशं सुधारल्यावर फिका बर्च फिकाच राखणं सोपं झालं. पाण्याने तंतू उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर बारीक पॉलिशपेपर फिरवावा लागतो, एवढंच.

या सगळ्या धावपळीत लाखेची जुनी चपडी मागे पडली याची मला खंत वाटते. आपल्याकडे स्पिरिटमध्ये लाखदाणा विरघळवून बोळ्याने पॉलिश करणारे कारागीर घरोघरी येत. झारखंडच्या जंगलातली ही लाख जगभर जाते. मेण काढून पातळ केलेल्या चपडीचा एक हात सीलर म्हणून स्टेनच्या आधी दिला, की तिरक्या तंतूंची तोंडं बऱ्यापैकी मिटतात आणि रंग सारखा बसतो. जेल स्टेन घट्ट असल्याने खोल जात नाही, म्हणून तोही चालतो. उघड्या कडा मात्र सपाट भागापेक्षा बारीक पेपरने घासाव्यात, नाहीतर त्या काळ्या पडतात.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात बंद केली आणि बर्च प्लायच्या मोठ्या पुरवठ्यावर गदा आली. महाग शीटवर प्रयोग करणं आता कुणालाच परवडत नाही. त्यामुळे विनंती एकच : बर्चला शक्यतो त्याच्याच रंगात राहू द्या. रंग हवाच असेल तर त्याच शीटच्या तुकड्यावर तोच पेपर, तोच सीलर, तोच स्टेन आणि वरचं पॉलिश असे सगळे हात देऊन, पूर्ण वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहा. मगच मोठ्या कामाला फडकं लावा.