पोळा ते चतुर्थी : ओव्हलच्या आठवणीतून गळलेलं

१९ ऑगस्ट १९७१, गुरुवार. लंडनच्या ओव्हलवर भारत-इंग्लंड मालिकेतली तिसरी कसोटी सुरू झाली, तेव्हा इकडे दर्यापूर-बनोशाच्या शिवारात बैलांचे खांदे शेकायचा दिवस होता. शुक्रवारी पोळा. तोरणाखाली झडत्या रंगल्या असतील त्या दिवशी ओव्हलवर पावसानं एक चेंडू पडू दिला नाही. शनिवारी कर, रविवारी खेळाडूंना सुटी, सोमवारी हरतालिका आणि मंगळवारी, २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थी. घरोघर गणपती बसले आणि त्याच दिवशी आबिद अलीनं चौकार मारून सामना संपवला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. इंग्लंडमधला भारताचा हा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजयही. वऱ्हाडातल्या क्रिकेटवेड्या पिढीनं तो चतुर्थीशी जोडून लक्षात ठेवला, त्यात नवल नाही. माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. आपण त्या सामन्यातली चतुर्थी तेवढी जपली, पोळा विसरून गेलो. पाऊस, थांबणं, कंटाळवाणी षटकं, हुकलेले पराभव हे सगळं आठवणीतून गळलं. आणि खरं पाहिलं तर विजय याच गळालेल्या भागात घडला होता.

दर्यापूरच्या पानठेल्यावर आज विषय काढला, तर काय ऐकू येईल ते आधीच सांगता येतं. चंद्रशेखरचे सहा बळी. एकनाथ सोलकरनं ॲलन नॉटचा पुढे झेपावून घेतलेला झेल. कर्णधार अजित वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपलेले आणि केन बॅरिंग्टननं त्यांना उठवून बातमी दिली तो किस्सा. चतुर्थी म्हणून चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून मैदानावर आणलेली बेला हत्तीण. यातलं काहीच खोटं नाही. चंद्रानं १८.१ षटकांत ३८ धावांत ६ गडी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१वर आटोपला, हेही खरं. एड्रिचला टाकायच्या चेंडूसाठी दिलीप सरदेसाईनं 'मिल रीफ' अशी हाक दिली, म्हणजे त्या वर्षी डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नाव, अर्थात वेगवान चेंडू, ही गोष्ट तर इतकी झकास आहे की ती विसरणं कुणालाच परवडणार नाही.

आता गळालेला भाग बघू. पहिली कसोटी लॉर्ड्सवर. भारताला १८३ धावा हव्या होत्या, ८ बाद १४५ झाल्या आणि पाऊस आला. दुसरी मँचेस्टरला. लक्ष्य ४२० धावांचं, ३ बाद ६५ अशी गत, आणि शेवटचा अख्खा दिवस पावसानं खाल्ला. म्हणजे लॉर्ड्सचा निकाल कुणीकडेही गेला असता आणि मँचेस्टरला तर आपण बहुधा हरलोच असतो. ओव्हलवरही इंग्लंडकडे पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात चांगला खेळणारा जेम्सन बाद कसा झाला? लकहर्स्टचा सरळ फटका चंद्राच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि बिचारा जेम्सन पलीकडच्या टोकाला क्रीजबाहेर सापडला. पाठलाग १७३चा. त्यात गावसकर, ज्यानं काही महिन्यांपूर्वी वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटीत ७७४ धावा केल्या होत्या, तो शून्यावर बाद. सोमवारअखेर २ बाद ७६. मंगळवारी सकाळी वाडेकर आदल्या दिवशीच्या ४५वर एकही धाव न जोडता धावबाद. उरलेल्या धावा सरदेसाईच्या ४०, विश्वनाथच्या ३३ आणि इंजिनिअरच्या नाबाद २८ अशा खडा-खडा गोळा केलेल्या. १७४ धावांना साधारण शंभर षटकं लागली. समोर अंडरवूड आणि इलिंगवर्थ टिच्चून टाकत होते. हा डाव कुणी रंगवून सांगत नाही, कारण त्यात रंगवायला काही नाही. पण या मंगळवारशिवाय चंद्राचा सोमवार म्हणजे पराभवातली एक चांगली गोलंदाजी एवढंच उरलं असतं.

असं का झालं, याचं एक कारण साधं आहे. तो सामना आपल्यापैकी कुणी पाहिलाच नाही. महाराष्ट्रात दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि तेही मुंबईत. वऱ्हाडात कसोटी पोचायची ती रेडिओच्या खरखरीतून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. कानानं ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगताना आपण ती आपसूक छाटतो. संथ षटकांची जागा जाते, झेल राहतो. बॅरिंग्टन राहतो, अंडरवूडचं निर्धाव षटक जातं. दहा तोंडांतून गेलेली आठवण कापसासारखी पिंजून हलकी होते.

यावर पहिला आक्षेप असा, की आठवण म्हणजे काही धावफलक नव्हे. लोकांना आनंद मिळतो तर त्यात खोट कशाला काढायची? आक्षेप रास्त आहे, आणि एवढ्यावरच भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण छाटलेल्या आठवणीची किंमत कुणीतरी मोजतं. १९७४च्या उन्हाळ्यात तोच वाडेकर, तोच इंग्लंड. मालिका ३-० अशी गेली, लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत संपला. घरी परतल्यावर काय झालं? मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरमध्ये १९७१च्या विजयाचं स्मारक म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली होती, तिला डांबर फासलं गेलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि ते निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी हार घातले त्यांच्यातलेच काही हात यात असणार. मला यात निव्वळ कृतघ्नता दिसत नाही. ज्यांच्या लेखी ओव्हल हा चमत्कार होता, त्यांना पुढच्या वेळी चमत्कार न घडणं म्हणजे फसवणूक वाटली. पाऊस, संयम आणि नशीब यांचा हिशेब आठवणीत शिल्लक असता, तर ४२ हा आकडा दुखला असता, पण दगड उचलावासा वाटला नसता. खारपाणपट्ट्यातला शेतकरी हे क्रिकेटवाल्यांपेक्षा बरं जाणतो. एका साली कापूस भरघोस आला म्हणून पुढच्या साली न पिकणाऱ्या वावराला तो डांबर फासत नाही.

दुसरा आक्षेप इथल्या मातीतला आहे. वाडेकर, गावसकर, सोलकर, सरदेसाई हा मुंबईचा संघ. मडगावात जन्मलेला सरदेसाईही खेळला मुंबईकडूनच. तेव्हा वऱ्हाडानं हा अभिमान उसना का मिरवावा? स्वतंत्र विदर्भाच्या मागणीच्या गावात हा प्रश्न टोचणारा आहेच. पण परक्या देशातल्या विजयाची मालकी कधीच खेळाडूच्या गावापुरती नसते. नाहीतर १९६८चा ड्युनेडिन आपण का विसरलो? परदेशातला आपला पहिला कसोटी विजय न्यूझीलंडमधला, पतौडींच्या नेतृत्वाखालचा. त्यात वाडेकरांच्या ८० आणि ७१ धावा होत्या, आणि भारतानं ती मालिका ३-१ जिंकली. तरी ड्युनेडिन कुणाच्या तोंडी नाही. मार्च १९७१चा पोर्ट ऑफ स्पेन, वेस्ट इंडिजवरचा पहिलाच विजय, सरदेसाईच्या ११२ धावा आणि दुरानीनं शून्यावर त्रिफळा उडवलेला सोबर्स यांच्यासह अर्धवट आठवतो. आठवायला प्रतिस्पर्धी लागतो, आणि तो ज्याच्या राज्यात आपण नांदलो असा असेल तर गोष्ट अधिक पक्की बसते. ओव्हलला हा फायदा मिळाला, एरवी क्रिकेट म्हणून पोर्ट ऑफ स्पेन त्याला फारसा खाली नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा : हे सगळं रेडिओच्या जमान्याचं, आता सगळं डोळ्यांदेखत घडतं. १९ जानेवारी २०२१चं ब्रिस्बेन घ्या. ॲडलेडला ३६ धावांत गुंडाळला गेलेला संघ, अजिंक्य रहाणेचं नेतृत्व, ३२८चा पाठलाग, १९८८पासून ऑस्ट्रेलिया जिथे हरला नव्हता त्या मैदानावर ३ गडी राखून विजय. बरोबर पन्नास वर्षांनी पुन्हा मराठी कर्णधार. हे प्रत्येक चेंडूसकट पाहिलं गेलं, आणि अंगावर चेंडू झेलत पुजारानं २११ चेंडूंत काढलेल्या ५६ धावांना यावेळी खरंच मान मिळाला. म्हणजे कॅमेऱ्यानं काहीतरी वाचवलं, हे मान्य. पण मोबाईलवर फिरणारी चित्रफीत बघा. तिच्यात पंतचा शेवटचा चौकार असतो, पुजाराचं सोडून दिलेलं षटक नसतं. छाटणी पूर्वी तोंड करायचं, आता बोट करतं.

आणि वऱ्हाडाच्या शेजारचंच उदाहरण हवं असेल तर ते पुन्हा ओव्हलचंच आहे. १९७१नंतर भारत तिथे थेट २०२१मध्ये जिंकला, १५७ धावांनी. त्या सामन्याची आठवण म्हणून बुमराच्या यॉर्करवर उडालेला बेअरस्टोचा त्रिफळा दाखवतात, रोहितचं शतक दाखवतात. उमेश यादवचे ३ आणि ३ असे सहा बळी शोधावे लागतात. खापरखेड्याकडच्या खाण वसाहतीत वाढलेला हा गोलंदाज, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. पहिल्या दिवशी संध्याकाळी जो रूटचा त्रिफळा त्यानं उडवला होता. शेवटचा गडी, जेम्स अँडरसन, यष्टिरक्षकाकडे झेल देऊन गेला तोही उमेशच्याच चेंडूवर. तारीख ६ सप्टेंबर. त्या दिवशी पोळा होता, आणि लंडनमध्ये तो झेल घेतला गेला तेव्हा इकडे रात्र पडली होती, बैल पुरणपोळी खाऊन केव्हाच गोठ्यात गेले होते.